वसाहतीच्या मातीतली हाडं: ती माणसं कुठली, हे कसं शोधायचं

जुन्या गोव्यात मोन्ते सांतो टेकडीवर ऑगस्टिनियन मठाचा पडका मनोरा उभा आहे. गोवा बघून आलेल्या बहुतेकांच्या फोटोंत तो असतोच. याच मठाच्या अवशेषांत २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला हाताचं एक लांब हाड मिळालं. त्याचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) या संस्थेत तपासला गेला. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हे हाड जॉर्जियाची राणी केतेवान हिचं असण्याची शक्यता दाट आहे. ही कॉकेशसमधल्या काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमावरून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यांतले काही गोव्यात आणले.

बातम्यांमध्ये सगळं श्रेय डीएनएला मिळालं. प्रत्यक्षात डीएनएची पाळी सगळ्यात शेवटी आली. अवशेष मठात नेमके कुठे ठेवलेत, हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं: चॅप्टर चॅपेलमधली अमुक बाजूची दुसरी खिडकी. पण मठ १८३५ मध्ये रिकामा झाला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. त्या ढिगाऱ्यात चॅप्टर चॅपेल कुठलं आणि दुसरी खिडकी कुठली, हे ठरवण्यातच वर्षं गेली. ते ठरलं म्हणून त्या हाडाकडे कुणी लक्ष दिलं. नाहीतर पोर्तुगीज गोव्यात, जिथे चर्चच्या फरशीखाली माणसं पुरण्याची पद्धतच होती, तिथे एका सुट्या हाडाची मातब्बरी ती काय!

वसाहतीच्या जागी सापडलेल्या मानवी अवशेषांचं मूळ शोधण्याचं काम असंच चालतं. पायऱ्या कोणत्या क्रमानं घ्यायच्या, हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं. हा लेख पुरातत्त्वाच्या आणि मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. वसई, रेवदंडा, जुनं गोवं अशा ठिकाणी दुर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या मंडळींसाठीही आहे, कारण पावसाळ्यात दरड खचली की हाड पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

आधी थांबा, मग फोन करा

हाड दिसलं की ते उचलायचं नाही, धुवायचं नाही, गावकऱ्यांना दाखवायला हातात घेऊन फिरायचं नाही. जवळ पट्टी किंवा निदान पेन ठेवून, उत्तर दिशा दाखवून, आहे त्या जागी फोटो काढायचा. मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्यायची. वर ताडपत्री घालायची आणि पोलिसांना कळवायचं. हाड ४०० वर्षांपूर्वीचं आहे की चार वर्षांपूर्वीचं, हे ठरवणं आपलं काम नाही. आधी पंचनामा होतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली यायची.

जागा संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाला कळवणं ओघानंच आलं. वसईचा किल्ला आणि जुन्या गोव्यातली चर्चेस केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्याप्रमाणे अशा जागी परवान्याशिवाय उत्खनन गुन्हा आहे. हाडांबरोबर नाणी, पदकं, चांदीचं काही निघालं तर १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

घाई केली की काय होतं, याचं उदाहरण पंजाबातलं अजनाला. १८५७ मध्ये मारलेल्या शिपायांना तिथल्या एका विहिरीत टाकलं होतं. २०१४ मध्ये ती विहीर स्थानिक लोकांनीच खोदली. भावना समजण्यासारखी होती, पण प्रशिक्षित माणसं नव्हती. हाडं तुटली, एकमेकांत मिसळली, कुठलं हाड कुठल्या खोलीवर होतं याची नोंद राहिली नाही. पुढे शास्त्रज्ञांना दातांवर बरंच काही काढता आलं आणि २०२२ मध्ये डीएनए व समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा) अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं पंजाबातली नसून गंगेच्या मैदानातली असावीत, असं त्यातून दिसलं. ते २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या नोंदींशी जुळतं. पण एकेका माणसाचा पूर्ण सांगाडा जुळवून त्याची कहाणी सांगणं कायमचं हातचं गेलं.

प्रश्न नेमका कोणता, ते लिहून काढा

'हा माणूस कुठला?' या एका प्रश्नात निदान चार प्रश्न दडलेले असतात. त्याचं बालपण कुठे गेलं? शेवटची दहा-पंधरा वर्षं तो कुठे राहिला आणि काय खात होता? त्याचे पूर्वज कुठले? आणि तो नावानिशी कोण? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी असतं. बालपण दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक थरात, नंतरचा आहार हाडात, पूर्वज डीएनएमध्ये आणि नाव बहुतेक वेळा कागदात.

पोर्तुगीज गोव्यासारख्या शहरात तर ही चारही उत्तरं एकमेकांना छेद देतात. गोव्यातच जन्मलेला, पोर्तुगीज बाप आणि कोकणी आई असलेला, पोर्तुगीज नावाचा माणूस घ्या. मोझांबिकहून लहानपणी गुलाम म्हणून आणलेली, मिसेरिकोर्दिया या पोर्तुगीज धर्मादाय संस्थेच्या खर्चानं पुरलेली बाई घ्या. लिस्बनमध्ये जन्मून होर्मुझ, मलाक्का करत इथे येऊन तापानं मेलेला सैनिक घ्या. एका चाचणीचं उत्तर घेऊन 'हा युरोपीय', 'ही आफ्रिकन' असा शिक्का मारला की त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग पुसला जातो. म्हणून माझा आग्रह असा की प्रयोगशाळेला नमुना पाठवण्याआधी प्रश्न कागदावर लिहावा, आणि कुठलं उत्तर आलं तर आपलं मत बदलेल, हेही लिहावं.

कागद

हे काम खोदकाम चालू असतानाच सुरू करायचं. वसाहतींचं एक बरं असतं: राज्यकर्ते लिहिणारे होते. पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचे दफ्तर आहेत; लिस्बनमध्ये तोर्रे दो तोंबो हे राष्ट्रीय अभिलेखागार आणि परदेशी वसाहतींचं ऐतिहासिक अभिलेखागार आहे. चर्चकडे बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या असतात. ब्रिटिश वसाहतीसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी बघाव्यात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं तिथे एन/३ या मालिकेत आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या, दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणाऱ्या बॅक्सा या संस्थेकडे थडग्यांवरचे लेख मिळतात.

कागदातून नाव शोधायला बसू नका, यादी बनवा. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन, अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, १६०७ सालची. तिथे १६०८ मध्ये बांधलेल्या चर्चच्या वेदीजवळच्या भागात २०१३ मध्ये चार कबरी उघडल्या. ते चर्च जेमतेम आठ-नऊ वर्षं उभं होतं. वेदीजवळची जागा मानाच्याच माणसाला मिळणार. म्हणजे यादी आपोआप लहान झाली: त्या काळात तिथे मेलेले प्रतिष्ठित पुरुष. मग हाडांवरून वय, कबरीतल्या वस्तूंवरून हुद्दा, असं करत २०१५ मध्ये चार नावं जाहीर झाली: धर्मगुरू रॉबर्ट हंट, कॅप्टन गॅब्रिएल आर्चर, सर फर्डिनांडो वेनमन आणि कॅप्टन विल्यम वेस्ट. या घोषणेच्या वेळी त्यांच्यापैकी कुणाचाही डीएनए जुळवलेला नव्हता.

आपल्याकडे ही युक्ती वापरताना एक अडचण ध्यानात घ्यायला हवी. गोव्या-वसईच्या चर्चमध्ये फरशीखालच्या कबरी पुन्हा पुन्हा वापरल्या जायच्या. जुनी हाडं बाजूला सारून किंवा अस्थिगृहात हलवून नवा मृतदेह ठेवायचे. वरचा कोरीव दगड एका कुटुंबाचा आणि खालची हाडं तिसऱ्याचीच, हे सहज शक्य आहे. दुरुस्त्यांच्या वेळी दगडच एका जागेवरून दुसरीकडे लावले गेले असतील, तर बघायलाच नको. दगडावरचं नाव हा पुरावा नव्हे, यादीतलं एक नाव समजा.

जमीन काय सांगते

सांगाडा उचलण्याआधीचे काही तास सगळ्यात मोलाचे. डोकं कुठल्या दिशेला, हात छातीवर की कमरेवर की बाजूला, देह उताणा की कुशीवर, हे सगळं मोजून घ्यायचं. ख्रिस्ती दफनात साधारणपणे डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. धर्मगुरूला कधीकधी उलट पुरतात, लोकांकडे तोंड करून. कोकणातलं मुस्लिम दफन उत्तर-दक्षिण, देह उजव्या कुशीवर, चेहरा पश्चिमेकडे किब्ल्याच्या दिशेनं. अलिबागजवळच्या नवगावसारख्या ठिकाणी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी दफनभूमी आहे, तेव्हा कोकणपट्टीत तिसरी शक्यताही हिशेबात असू द्यावी. हिंदूंमध्ये दहन असल्यामुळे त्यांचे सांगाडे कमी मिळतात; पण लहान मुलं, संन्यासी, लिंगायत आणि इतर काही समाज पुरतात. त्यामुळे 'पुरलंय म्हणजे ख्रिस्ती किंवा मुसलमान' असं धरून चालता येत नाही.

बारीक वस्तूंसाठी माती चाळायलाच हवी. कफनाच्या टाचण्या, शवपेटीचे खिळे, गुंड्या, जपमाळेचे मणी, धार्मिक पदकं या गोष्टी बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात आणि उत्साही फावड्याला दिसत नाहीत. खिळ्यांच्या रांगेवरून लाकूड कुजून गेलेल्या पेटीचा आकार कळतो. जेम्सटाउनमध्ये आर्चरच्या पेटीवर एक छोटी चांदीची डबी होती. ती न उघडता स्कॅन केली तेव्हा आत हाडांचे तुकडे आणि शिशाची कुपी दिसली. म्हणजे कॅथलिक पद्धतीचा अवशेषपात्राचा प्रकार, आणि तोही कॅथलिकांचा दुस्वास करणाऱ्या इंग्रजांच्या वसाहतीत! हे कुठल्याच कागदात नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या आफ्रिकन दफनभूमीत एका बाईच्या कमरेभोवती मण्यांची माळ मिळाली. तिचं मूळ आफ्रिकेत शोधायला तिथून सुरुवात झाली.

माती स्वतःही जपून ठेवायची. कबरीतल्या मातीचा एक नमुना आणि बाहेरच्या मातीचा एक, वेगवेगळ्या पिशव्यांत. पुढच्या रासायनिक चाचण्यांना तो लागतो. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाड झपाट्यानं झिजतं, चुन्याजवळ ते टिकतं. म्हणून कोकणात उघड्या जमिनीपेक्षा चर्चच्या चुनेगच्ची फरशीखाली जास्त आशा.

हाड उचलल्यावर सावलीत सुकू द्यावं, आम्लरहित कागदात गुंडाळावं. हवाबंद प्लास्टिकमध्ये घातलं की कोकणच्या दमटपणात आठवड्याभरात बुरशी चढते. तुटलेलं हाड फेव्हिकॉलनं चिकटवू नये.

हाडं वाचणं

हाडं माणसाचीच आहेत का, आणि किती जणांची, हे आधी. शेळी-मेंढीची, डुकराची हाडं चर्चच्या आवारात खूप निघतात. किती जण, ते मोजायला एकाच बाजूचं एकच हाड घ्यायचं, म्हणजे उजव्या मांडीची हाडं पाच असतील तर निदान पाच माणसं.

पुढे लिंग ओटीपोटाच्या हाडांवरून, वय दातांवरून आणि सांध्यांवरून. मुलांचं लिंग हाडांवरून ठरत नाही. तिथे आता एनॅमलमधल्या ॲमेलोजेनिन या प्रथिनाची चाचणी करतात, ती डीएनए नष्ट झालेल्या दातांतही चालते. उष्ण दमट प्रदेशासाठी ही मोठी सोय आहे. हाडांवर स्नायू जिथे चिकटतात तिथल्या खुणा, मणक्यांची झीज, बऱ्या झालेल्या मोडतोडी यांवरून कष्टाचं काम कळतं. मातीच्या चिलमीनं समोरच्या दातांत पडलेली गोल खाच युरोपीय आणि अमेरिकन वसाहतींत हमखास भेटते. पान खाण्याचे लालसर-काळे डाग आपल्याकडे. मात्र गोव्यातले पोर्तुगीज आणि त्यांच्या घरच्या बायकाही विडा खात, तेव्हा डागावरून जात-वंश काढू नये.

कवटी मोजून वंश सांगण्याबद्दल थोडं कडक बोलतो. ही पद्धत अजून शिकवली जाते आणि संगणकाच्या कार्यक्रमांत मापं घातली की एखादा गट बाहेर पडतोच. तो गट कुठला हे त्या कार्यक्रमाला आधी कुठल्या कवट्या दाखवल्या यावर अवलंबून. कोकणातल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मिश्र लोकवस्तीच्या कवट्या त्यात नसतात. न्यूयॉर्कच्या दफनभूमीत हा वाद जाहीरपणे पेटला होता. १९९१ पासून तिथे ४१९ जणांचे अवशेष निघाले. या माणसांना निव्वळ वंशाच्या कप्प्यात टाकू नका, ती आफ्रिकेत नेमकी कुठून आणली गेली आणि इथे कशी जगली ते शोधा, असं वंशजांच्या समाजानं ठणकावलं. शेवटी काम हॉवर्ड विद्यापीठात मायकल ब्लेकी यांच्याकडे गेलं. प्रश्न बदलल्यावर संशोधन सुधारलं, असं माझं मत आहे.

घासून टोकदार केलेले दात ही अशीच खूण. आफ्रिकेच्या अनेक भागांत ती पद्धत होती. पण आग्नेय आशियातही होती आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतही. मेक्सिकोच्या कांपेचे शहरातल्या वसाहतकालीन दफनभूमीत असे दात मिळाले तेव्हा संशोधक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी एनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य मोजलं.

दात: बालपणाची नोंद

इथे जरा थांबू, कारण मूळ शोधण्याच्या कामात सर्वांत भरवशाचं साधन हेच आहे.

एनॅमल एकदा तयार झालं की शरीर ते बदलत नाही. पहिली दाढ जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, दुसरी आठव्या वर्षापर्यंत, अक्कलदाढ सोळाव्याच्या आसपास. माणसाच्या तिन्ही दाढा मिळाल्या तर तो लहानपणी कुठे होता आणि मुलगा असताना हलला का, हे कळू शकतं. दहाव्या वर्षी गुलाम म्हणून जहाजात चढवलेल्या मुलाची पहिली आणि तिसरी दाढ दोन वेगळी उत्तरं देतील. हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि भरतं. मांडीच्या हाडात शेवटच्या दहा-बारा किंवा अधिक वर्षांचा हिशेब असतो, बरगडीत त्याहून अलीकडचा.

स्ट्रॉन्शियम खडकातून मातीत, मातीतून धान्यात, धान्यातून दातात येतं. त्याच्या ८७ आणि ८६ वस्तुमानांकाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर खडकाच्या वयावर आणि जातीवर ठरतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते कमी, बहुतेक ०.७०५ ते ०.७१० च्या आत. गोव्यापासून दक्षिणेकडे फार जुने नाईस आणि शिस्ट खडक लागतात, तिथे ते वर जातं. समुद्राच्या पाण्याचं ०.७०९२. म्हणजे घाटावर वाढलेला आणि गोव्याच्या आतल्या भागात वाढलेला माणूस यांत फरक करता येतो. कांपेचे चुनखडीच्या पठारावर वसलंय. दात घासलेल्या माणसांची मूल्यं तिथल्या मानानं इतकी वर निघाली की ती पश्चिम आफ्रिकेतल्या प्राचीन खडकांच्या प्रदेशातच वाढलेली असावीत, असा निष्कर्ष २००६ मध्ये निघाला. अमेरिकेत आणलेल्या पहिल्या काही आफ्रिकन पिढ्यांचा हा प्रत्यक्ष पुरावा.

खबरदारी दोन. एक, तुलनेसाठी स्थानिक मूल्य आपणच मोजायचं: गोगलगाईच्या शंखांवरून, उंदरांच्या दातांवरून, आसपासच्या झाडांवरून. पुस्तकातला भूगर्भ नकाशा पुरत नाही. दुसरी, किनाऱ्यावर सगळंच ०.७०९२ कडे ओढलं जातं. मासे, समुद्रावरून येणारे फवारे, आणि मीठ. मिठागरातलं मीठ रोज जेवणात असलेल्या कोकणी माणसाचं आणि लिस्बनच्या चुनखडीच्या मुलखात वाढलेल्या माणसाचं मूल्य शेजारी शेजारी पडू शकतं. स्ट्रॉन्शियम 'हा इथला नाही' हे ठामपणे सांगतं, 'हा तिथलाच' हे क्वचित.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पिण्याच्या पाण्याचा, म्हणजे पावसाचा आणि उंचीचा अंदाज येतो. पहिल्या दाढेत आईच्या दुधामुळे मूल्य वाढतं, म्हणून शक्यतो दुसरी किंवा तिसरी वापरावी.

कार्बनची गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळेल. वनस्पती दोन प्रकारे कार्बन घेतात. भात, गहू, डाळी, भाज्या एका गटात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस दुसऱ्या गटात. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाचं कार्बन मूल्य (जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाचं माप, प्रति हजार) भात-गव्हावर जगलेल्या माणसात उणे २० च्या आसपास असतं. भाकरीवर जगलेल्यात उणे १० कडे सरकतं. जेम्सटाउनच्या परिसरात हाच फरक कामी आला. इंग्लंडहून नुकता आलेला माणूस गव्हाचा, आणि अमेरिकेत वर्षं काढलेला किंवा तिथेच जन्मलेला मक्याचा. तिथे २०१२ मध्ये मिळालेल्या, साधारण १४ वर्षांच्या मुलीच्या कवटीवर सुरीचे घाव होते. १६०९-१० च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात उरलेल्या लोकांनी तिचं मांस खाल्लं होतं. संशोधकांनी तिला 'जेन' म्हटलं. समस्थानिकांवरून ती बहुधा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडची आणि बऱ्यापैकी मांसमच्छी मिळणाऱ्या घरात वाढलेली दिसते. नाव मात्र कधीच कळलं नाही.

आता कल्पना करा की वसईत १७३९ च्या वेढ्यातल्या मृतांचा सामूहिक खड्डा निघाला. स्ट्रॉन्शियमकडून फार आशा नको: वसई बेसॉल्टवर, देशही बेसॉल्टवर. पण देशावरचा शिपाई ज्वारी-बाजरीचा, उत्तर कोकणातला भात-मासळीचा, युरोपातून आलेला गव्हाचा. इथे कार्बन आणि त्याच्या जोडीला नायट्रोजन घ्यावा, कारण समुद्री मासळीनं दोन्ही वाढतात आणि नायट्रोजन नसेल तर थोडी भाकरी आणि भरपूर मासळी एकसारखी दिसू शकतात. नाचणी कोकणातही खात, हेही विसरायचं नाही. कुठली चाचणी करायची हे असं जागेवरून ठरतं, प्रयोगशाळेकडे कुठलं यंत्र आहे त्यावरून नव्हे.

शिसंही मोजतात. कथील-शिशाच्या ताटांतून जेवणाऱ्या सधन युरोपीयांच्या हाडांत ते बरंच साठतं. वेगळ्या प्रदेशाऐवजी वेगळ्या वर्गाचं ते चिन्ह आहे.

डीएनए

शरीरातलं सर्वांत घट्ट हाड आतल्या कानाभोवतीचं, पेट्रस. डीएनए तिथे सर्वांत चांगला टिकतो. नसेल तर दातमुळावरचा सिमेंटम हा थर. आपल्या हवेत यश कमी, हे गृहीत धरूनच निघावं. ज्यांनी ज्यांनी हाड हाताळलं त्या सगळ्यांचे डीएनए नमुने घेऊन ठेवावेत, म्हणजे भेसळ ओळखता येते. हाड न घातलेले रिकामे नमुनेही शेजारी चालवावे लागतात.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईच्या आईच्या आईची वाट सांगतो. वाय गुणसूत्र बापाच्या बापाचं. या दोन धाग्यांपलीकडचे शेकडो पूर्वज त्यात नाहीत. गोव्यातल्या हाडात यू१बी हा मातृवंश निघाला. भारतातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत तो नव्हता, जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत होता. नुसतं एवढंच असतं तर 'कॉकेशसकडच्या आईची कुणीतरी व्यक्ती' इतकंच म्हणता आलं असतं. आर्मेनियन व्यापारी गोव्यात होतेच. खिडकी, मठाचे कागद आणि वंश तिन्ही एका ठिकाणी आले म्हणून नाव घेता आलं. तरीही लेखकांनी 'शक्यता' हाच शब्द ठेवला. २०२१ मध्ये त्या अवशेषाचा काही भाग भारतानं जॉर्जियाला दिला, तेव्हा भाषणांतून तो शब्द गळाला.

नातेवाइकांशी जुळवताना तर दुप्पट सावध राहावं लागतं. जेम्सटाउनच्या किल्ल्याबाहेर मिळालेला एक सांगाडा वसाहतीच्या संस्थापकांपैकी बार्थोलोम्यू गॉसनॉल्डचा असावा, असं वाटत होतं. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या शेली गावच्या चर्चमधून त्याच्या बहिणीचा म्हणून एक नमुना घेतला. जुळला नाही. पण तपासाअंती दिसलं की ती बाई बहुधा त्याची बहीणच नव्हती. म्हणजे चाचणीनं हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. चर्चच्या फरशीखालच्या कबरींबद्दल वर जे लिहिलं ते इंग्लंडलाही लागू आहे! उलट, वेनमन आणि वेस्ट यांच्या २०२४ मधल्या अभ्यासात दोघांचा मातृवंश एकच निघाला. त्यांचं नातं आईच्या बाजूनं होतं. कुलवृत्तांतावरून कोणी तसं मांडलं नव्हतं.

कार्बन-१४ बद्दल थोडकं

वसाहतकाळासाठी या कालमापनाच्या चाचणीवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. १६५० ते १९५० या काळात मापनाचा वक्र इतका खालीवर होतो की एका हाडाला दोन-तीन वेगवेगळी शतकं मिळतात. भरपूर मासळी खाणाऱ्याचं हाड आहे त्याहून जुनं दिसतं. 'आधुनिक की शे-दोनशे वर्षांपूर्वीचं' एवढं कळण्यापुरती ती उपयोगी. काळ ठरवायला नाणं, गुंडी, चिलीम आणि बांधकामाचा थर बरे.

निष्कर्ष कसा लिहावा

प्रत्येक विधानाजवळ ते कशावरून, ते लिहा. उदाहरणार्थ: 'प्रौढ स्त्री (ओटीपोट); बालपण गोवा किनाऱ्यावर गेलेलं नाही (दुसऱ्या दाढेतलं स्ट्रॉन्शियम); शेवटच्या वर्षांत आहार भात-मासळीचा (मांडीच्या हाडातला कार्बन व नायट्रोजन); ख्रिस्ती पद्धतीनं दफन (दिशा, पदक); मातृवंश पूर्व आफ्रिकेत आढळणारा; नाव अज्ञात.' असं वाक्य वर्तमानपत्राला आवडत नाही. पण पुढे कुणाला एखादी नवी वही सापडली, तर नेमका कुठला दुवा बदलायचा हे त्याला कळतं.

नमुना काढण्यापूर्वी हाडाचं स्कॅन, फोटो आणि मापं पूर्ण करा. जोडीच्या दातांतला एकच वापरा, डावा वापरला तर उजवा पुढच्यासाठी ठेवा. किती मिलिग्रॅम कुठे गेले, काय परत आलं, याची वही ठेवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातन सांगाड्यांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. समस्थानिक आणि डीएनए प्रयोगशाळांशी बोलण्याआधी तिथल्या जाणकारांना हाडं दाखवलेली बरी.

आणि संबंधित लोकांना सुरुवातीपासून बरोबर घ्या. चर्चचे विश्वस्त, गावकरी, आफ्रिकी मूळ असण्याची शक्यता असेल तर सिद्दी समाजातले लोक. अहवाल छापून झाल्यावर बोलावलं तर ती निव्वळ उपचाराची भेट होते. न्यूयॉर्कमध्ये अभ्यास संपल्यावर ४१९ जणांना २००३ मध्ये पुन्हा त्याच जागी पुरलं, लाकडी पेट्यांमध्ये, समारंभानं. पुन्हा पुरायचं की सांभाळून ठेवायचं, किती नमुना मागे ठेवायचा, आणि नवी चाचणी निघाली तर कबर उघडायची की नाही, हे तीन निर्णय खोदकामाच्या परवानगीच्या अर्जातच लिहून टाकावेत.